यमू, गोदू, इरावती

नावाची आवड ही बहुधा नाव धारण करणाऱ्याची नसते, ती देणाऱ्याची असते, आणि मराठी घरांत हा देणाराही क्वचितच एकटा असतो. बारशाच्या दिवशी बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा असला, तरी ते नाव ठरेपर्यंत आजीची इच्छा, कुलदैवत, पंचांग आणि घरातून नुकतेच गेलेले एखादे वडीलधारे माणूस अशा अनेकांनी त्यात हात घातलेला असतो. धर्मशास्त्राने तर एकाच मुलाला चार नावे सांगितली आहेत: कुलदेवतेशी जोडलेले देवतानाम, जन्ममासावरून येणारे मासनाम, जन्मनक्षत्रावरून येणारे नाक्षत्रनाम आणि चारचौघांत वापरायचे व्यावहारिक नाम. यांपैकी नाक्षत्रनाम म्हणजे मराठी घरांतले नावरसनाव. २७ नक्षत्रांचे प्रत्येकी ४ चरण धरून १०८ आद्याक्षरे ठरलेली असतात आणि जन्मवेळच्या चरणाचे अक्षर घेऊन हे नाव काढले जाते. ते पत्रिकेत लिहून ठेवतात, लग्न जुळवताना बाहेर काढतात, पण त्या नावाने जेवायला कोणी हाक मारीत नाही. पुण्यासारख्या शहरात, जिथे पेशवाईपासूनची दप्तरे आणि एकोणिसाव्या शतकापासूनची आत्मचरित्रे मुबलक आहेत, तिथे आवडत्या नावांचा माग काढू लागले की कागदावरचे नाव आणि हाकेचे नाव यांच्यातले हे अंतर पदोपदी आडवे येते, आणि जीव लावण्याजोगी नावे बहुतेक वेळा हाकेच्या बाजूलाच सापडतात.

पुण्याच्या जुन्या घरांत मुलींसाठी सर्वांत लाडकी असलेली नावे नद्यांची होती. गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, तापी, नर्मदा, सरस्वती ही नावे पिढ्यानपिढ्या फिरत राहिली आणि त्यांच्या जोडीला काशी, द्वारका, मथुरा ही तीर्थांची नावे आली. ज्या मुलींना माहेर आणि सासर यांपलीकडचा प्रवास फारसा घडणार नव्हता, त्यांना काशी आणि द्वारका म्हणून हाका मारल्या जात होत्या, ही गोष्ट नामकरणाच्या इतिहासात विसरण्यासारखी नाही. त्यातही गंमत अशी की मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात वधू कशी नसावी हे सांगताना नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी यांची नावे असलेल्या मुली वर्ज्य ठरवल्या आहेत. हा नियम अक्षरशः पाळायचा म्हटला असता तर गंगा आणि गोदावरी यांच्याबरोबर रोहिणी, रेवती, चित्रा, स्वाती आणि तुळसा यांचीही लग्ने मोडली असती. स्मृतीचा दाखला उठताबसता देणाऱ्या शहराने या बाबतीत स्मृतीकडे निर्धास्तपणे पाठ फिरवली, आणि तेवढ्यापुरते तरी ते योग्यच केले असे म्हटले पाहिजे. मात्र नद्यांवरच्या या प्रेमाला एक मर्यादा होती. भीमा आणि इंद्रायणी ही नावे मुलींना मिळाली, पण ज्या दोन नद्या पुण्यातूनच वाहतात त्या मुळा-मुठेच्या वाट्याला हे भाग्य जवळजवळ आले नाही. पुलावरून रोज दिसणाऱ्या नदीचे नाव मुलीला द्यावेसे वाटत नसावे, किंवा मुळा म्हटले की मंडई आठवत असावी.

या नदीनावांचे पुढे काय होई, हे पाहण्यासाठी एकोणिसाव्या शतकातील चार विवाह पुरेसे आहेत. १८७३ मध्ये महादेव गोविंद रानडे यांच्याशी लग्न होऊन कुर्लेकरांची यमुना सासरी आली आणि रमा झाली. कल्याणच्या जोश्यांची यमुना गोपाळराव जोशी यांच्या घरी आनंदी झाली, १८८६ मध्ये अमेरिकेत वैद्यकीची पदवी मिळवणारी पहिली मराठी स्त्री म्हणून त्याच नावाने ओळखली गेली आणि पुढच्याच वर्षी पुण्यात वारली. बाळ गंगाधर टिळकांच्या पत्नीचे माहेरचे नाव तापी, ते बदलून सत्यभामा झाले. चौथे उदाहरण गोदूबाईंचे. बालविधवा म्हणून पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या या स्त्रीचा ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि तिचेही नाव आनंदी ठेवण्यात आले. लग्नात ताटात तांदूळ पसरून वराने त्यावर सोन्याच्या अंगठीने वधूचे नवे नाव रेखाटायचे, ही त्या काळची सर्वमान्य चाल होती, त्यामुळे यातल्या कोणावर वेगळा ठपका ठेवण्याचे कारण नाही. तरीही दोन यमुना, एक तापी आणि एक गोदावरी लागोपाठ तांदळाखाली गेल्या, आणि त्यांना नवी नावे देणारे चौघेही आपापल्या परीने नव्या विचारांचे म्हणून गाजलेले पुरुष होते, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. स्त्रीला शिकवावे, तिचा पुनर्विवाह करावा, तिला समुद्रापार पाठवावे इथपर्यंत ज्यांचे विचार धावले, त्यांनाही तिच्या आईबापांनी आवडीने ठेवलेले नाव तसेच राहू द्यावे असे सुचले नाही.

यमुना हे नाव त्या पिढीच्या मुलीची जणू खूणच होती. हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी लिहायला घेतली, तेव्हा एका मध्यमवर्गीय मराठी मुलीची करुण कहाणी तिच्याच तोंडून सांगायची असल्याने तिला कोणत्याही वाड्यात सापडेल असे नाव हवे होते, आणि ते यमू हे होते. या नावाची खरी गोडी त्याच्या ऱ्हस्व रूपात आहे. यमुना हे पोथीतले नाव, यमू हे ओटीवरून परसापर्यंत पोचणारे नाव. वाड्याच्या चौकात चार बिऱ्हाडे, विहिरीवर गर्दी आणि वर माडीवर पोरे अशी स्थिती असताना हाक ऐकू जायची तर नाव दोन अक्षरांचे, शेवटी स्वर लांबवता येईल असे हवे. यमू, गोदू, ठकू, मनू, विनू, दिनू ही सगळी रूपे या गरजेतून घडलेली दिसतात. मनुस्मृतीनेही स्त्रीचे नाव सहज उच्चारता येणारे आणि दीर्घ स्वराने संपणारे असावे असे सुचवले आहे, पण वाड्यातल्या आयांना ते सुचवायला स्मृतीची गरज नव्हती.

हाक मारण्याचा हा मोकळेपणा नवराबायकोत मात्र नव्हता. बायकोने नवऱ्याचे नाव उच्चारायचे नाही, उच्चारायचेच तर उखाण्यात गुंफून, म्हणजे यमक जुळवलेल्या दोन ओळींच्या आडोशाने, सणासमारंभाला दारात अडवून धरल्यावरच घ्यायचे, असा दंडक होता. रमाबाई रानडे यांनी १९१० साली 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' प्रसिद्ध केल्या, तेव्हा नवऱ्याविषयी अख्खे पुस्तक लिहूनही त्यांचा उल्लेख त्यांनी 'स्वतः' या शब्दाने केला. न्यायमूर्ती हे पद सर्वांना ठाऊक, नाव सर्वांच्या तोंडी, आणि ते नाव घ्यायची चोरी फक्त ज्यांनी आयुष्य बरोबर काढले त्यांना.

या पार्श्वभूमीवर इरावती कर्वे हे नाव वाचताना थोडा वेळ थांबावेसे वाटते. ब्रह्मदेशात १९०५ साली जन्मलेल्या या मुलीचे नाव तिथल्या मोठ्या नदीवरून ठेवले गेले, म्हणजे नदीचे नाव मुलीला देण्याची मराठी हौस ओळखीच्या नद्या सोडून परदेशी नदीपर्यंत गेली. शिक्षणासाठी ती पुण्यात आली, रँग्लर परांजपे यांच्या घरी वाढली आणि धोंडो केशव कर्वे व आनंदीबाई यांच्या मुलाशी, दिनकर कर्वे यांच्याशी तिने लग्न केले. ज्या घरात १८९३ साली गोदावरी पुसली गेली होती, त्याच घरात पुढच्या पिढीची इरावती आपल्या नावासकट आली, आणि नवऱ्याला उघडपणे 'दिनू' म्हणू लागली. पुढे डेक्कन कॉलेजात मानवशास्त्र शिकवताना त्यांनी भारतीय नातेसंबंधांवर जे काम केले, त्यात कोणत्या प्रदेशात कोण कोणाला काय म्हणतो हा प्रश्न केंद्रस्थानी होता. १९५३ साली आलेला त्यांचा यावरचा ग्रंथ आजही अभ्यासक हाताशी ठेवतात. नात्याच्या संबोधनात त्या समाजाची रचना दडलेली असते हे ज्यांनी भारतभर हिंडून दाखवले, त्यांच्या स्वतःच्या घरातले 'दिनू' हे संबोधन त्या रचनेतली लहानशी पण स्पष्ट दुरुस्ती होती. पुण्याच्या नावांमधून एकच नाव निवडायचे झाले तर प्रस्तुत लेखनाचा कल इरावतीकडे आहे, आणि त्याचे कारण त्या नावाच्या नादात जितके आहे तितकेच ते न बदलण्यात आहे.

प्रभात फिल्म कंपनीने १९३७ साली पुण्यात काढलेल्या 'कुंकू' या चित्रपटाची नायिका नीरा आहे. जरठाशी लग्न लावून दिलेली आणि ते नाकारणारी ही मुलगी यमूची धाकटी बहीण शोभावी. नीरा हीसुद्धा नदीच, तीही पुणे जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणारी. हा योगायोगच असेल, पण तो सुखावतो.

पुरुषांच्या नावांची गोष्ट वेगळ्या वाटेने जाते. तिथे आवडीपेक्षा वारसा प्रबळ असतो, कारण आजोबांचे नाव नातवाला देऊन घरात ते पुन्हा चालू करायचे ही पद्धत रूढ होती. पेशव्यांच्या घराण्यात ती लख्ख दिसते: बाळाजी विश्वनाथ यांचा नातू बाळाजी बाजीराव, पहिल्या बाजीरावांचा नातू दुसरा बाजीराव. पण या पद्धतीत एक अडचण दडलेली होती, ती अशी की सासऱ्याचे नाव सुनेने उच्चारायचे नाही, आणि आता तेच नाव तिच्या मुलाचे. आईने मुलाला हाक कशी मारायची? मग नाना, बापू, भाऊ, दादा, अण्णा, अप्पा, बाळ, तात्या ही घरगुती नावे पुढे आली आणि मूळ नाव दप्तरात राहिले. बाळाजी बाजीराव नानासाहेब झाले, रघुनाथराव राघोबादादा झाले, बाळाजी जनार्दन भानू यांना तर नाना फडणवीस या नावाखेरीज ओळखणारा माणूस सापडणे कठीण. टिळकांचे पाळण्यातले नाव केशव, तेही पणजोबांचे. घरात ते बाळ झाले आणि देशभर बाळ गंगाधर म्हणून गेले. ज्या माणसाला इंग्रज सरकार भारतीय असंतोषाचे मूळ समजत होते, त्याच्या सहीत घरातली लाडाची हाक कायम राहिली, यातला विनोद त्या काळी कोणाला जाणवला असेल की नाही कोण जाणे.

या घरगुती नावांचा मोठा गुण असा की ती वयाबरोबर वाढत जातात. चौकात विटीदांडू खेळणारा बाळ्या पुढे बाळ होतो, नोकरीला लागला की बाळासाहेब, पुतणे झाले की बाळकाका; नाव एकच, पण त्याच्यामागे लागणारी शेपटे माणसाची पायरी सांगत जातात. पेशवेकालीन कागदांतली मोरो, चिंतो, विसाजी, महादजी, त्रिंबकपंत ही रूपे अशाच मळणीतून निघालेली आहेत. मोरगावचा मोरेश्वर आणि थेऊरचा चिंतामणी हे अष्टविनायकांपैकी दोन गणपती पुण्याजवळचे, म्हणून ही नावे इथे घरोघरी होती, पण देवाचे पूर्ण नाव जसेच्या तसे न वापरता त्याला माणसाच्या मापाचे करून घेण्याची सवय त्या भाषेला होती. याउलट विसाव्या शतकातल्या मराठी लेखकांनी आद्याक्षरांची जी प्रथा रूढ केली, तिने चांगली चांगली नावे गिळून टाकली. पुरुषोत्तम लक्ष्मण पु.ल. झाले, गजानन दिगंबर ग.दि. झाले, आणि आज कोणा वाचकाला ही मूळ नावे अचानक विचारली तर तो क्षणभर अडखळेल.

काही नावे मुळात आवडीने दिलेलीच नव्हती. पाठोपाठ मुले दगावली की पुढच्या मुलाचे नाव धोंडो, दगडू, भिकू, कचरू असे ठेवीत, कारण नावाने हलका दिसणारा जीव मृत्यूच्या नजरेत भरणार नाही अशी समजूत होती. या नावांना हिणकस समजणे हा अलीकडचा उथळपणा आहे. त्यांच्याइतके प्रेमाने आणि भीतीने ठेवलेले नाव दुसरे नाही. धोंडो केशव कर्वे हे नाव भारतरत्नापर्यंत पोचले, आणि पुण्याच्या सर्वांत श्रीमंत गणपतीची ओळख आजही एका दगडूशेठ नावाच्या हलवायावरून आहे, ज्यांचा मुलगा प्लेगात गेला होता. या परंपरेची दुसरी बाजू मात्र काळी आहे. मुलगा हवा असताना मुलगीच झाली म्हणून तिला नकुशी, नकुसा ठेवण्याची रीत शेजारच्या सातारा जिल्ह्यात एकविसाव्या शतकापर्यंत टिकली, आणि २०११ साली जिल्हा परिषदेने पुढाकार घेऊन अशा पावणेतीनशेहून अधिक मुलींचे समारंभपूर्वक नवे बारसे केले. त्याआधी मनुस्मृतीने तर शूद्राचे नाव तिरस्कार सुचवणारेच असावे असा नियम घातला होता. म्हणूनच १९५६ च्या धर्मांतरानंतर महाराष्ट्रातल्या बौद्ध वस्त्यांत सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, सुजाता, यशोधरा, प्रज्ञा ही नावे ज्या वेगाने आली, तो केवळ नावांच्या हौसेचा भाग नव्हता. बापाने मुलाला सिद्धार्थ म्हणून हाक मारणे हा त्या जुन्या नियमाला दिलेला जबाब होता. यातली राहुल, मिलिंद, सुजाता ही नावे लवकरच सर्व जातींत पसरली, आणि ती कुठून आली याची आठवण अनेक घरांना राहिली नाही.

नाव कोणत्या देवाचे याचा हिशेबही पूर्वी आजच्याइतका काटेकोर नव्हता. मालोजीराजांना अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराच्या नवसाने मुले झाली म्हणून त्यांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली गेली, तर शहाजींच्या मुलाचे नाव जुन्नरजवळच्या शिवनेरीवरच्या शिवाई देवीवरून शिवाजी झाले. एकाच घरात दोन पिढ्यांत पीर आणि देवी दोघांचेही ऋण नावानेच फेडले गेले.

नाव हाकेतून घडते याचा पुण्याने दिलेला सर्वांत मोठा पुरावा माणसांच्या नावांत नसून देवांच्या नावांत आहे. या शहराने जिलब्या मारुती, डुल्या मारुती, पत्र्या मारुती, भांग्या मारुती, पासोड्या विठोबा, सोट्या म्हसोबा अशी देवांना टोपणनावे ठेवली. पासोड्या म्हणजे जाडीभरडी पांघरुणे. ती जिथे विकली जात तिथला विठोबा तो पासोड्या विठोबा, तर पानिपतच्या वार्तेने जो डोलला असे सांगतात तो डुल्या मारुती. तुकोबांची पालखी पुण्यात मुक्कामाला उतरते ती निवडुंग्या विठोबाच्या देवळात. बाहेरगावच्या भाविकाला यात अनादर दिसतो, पण गल्लीतल्या बाळ्याला आणि गल्लीतल्या मारुतीला एकाच न्यायाने नाव देणाऱ्या शहराने देवाला घरातला मानले आहे, हे न कळण्याइतका तो देवही भोळा नसावा.

आजच्या पुण्यात मुलांची नावे निवडण्याची रीत बदलली आहे. नाव आता ऐकण्याऐवजी वाचून ठरते. इंटरनेटवरच्या याद्यांतून अर्थासकट नाव निवडले जाते, ते दुसऱ्या कोणाचे नसावे अशी अट असते, आणि त्या अटीमुळेच शेवटी एका वर्गात तीन आरव आणि दोन मायरा बसतात. अनेक नव्या नावांना जो संस्कृत अर्थ चिकटवलेला असतो तो कोणत्याही कोशात सापडत नाही, पण ते क्षम्य आहे. खरी खंत अशी की या नावांना वाकवता येत नाही. रेयांशला लाडाने काय म्हणावे, आणि तो साठ वर्षांचा झाल्यावर त्याच्यामागे काय लावावे, हे भाषेला अजून उमगलेले नाही. परदेशी सहज उच्चारता यावे म्हणून नील, ईशान, माया, रिया, तारा अशा नावांना पसंती मिळते, आणि या निवडीत एक अक्षर हळूच बाहेर पडले आहे. गोपाळ, बाळकृष्ण, कमळा, मंगळा यांच्यातला ळ नव्या नावांत जवळजवळ दिसत नाही. गोपाळचेही गोपाल झाले. ज्या अक्षरावर मराठी माणूस इतका अभिमान मिरवतो, ते आपल्या मुलाच्या नावात मात्र त्याला नको असते.

याच काळात काही जुनी नावे परत आली आहेत. सई, रमा, राधा, मुक्ता, रेवा ही नावे बालवाड्यांत पुन्हा ऐकू येतात, आणि रमाबाई रानडे यांच्या जीवनावरची 'उंच माझा झोका' ही मालिका २०१२-१३ मध्ये घरोघरी पाहिली गेल्यावर रमा या नावावरची धूळ उडाली असणार यात शंका नाही. यात एक विरोधाभास आहे: परत आले ते सासरी मिळालेले रमा, आईबापांनी ठेवलेले यमुना अजून रांगेत उभे आहे. सदाशिव, धोंडो, गोपाळ यांना तर रांगही नाही. सदाशिवरावभाऊंचे नाव पेठेमुळे दिवसातून हजारदा घेतले जाते, पण त्या पेठेतल्या पाळण्यात ते येत नाही.

तांदळावर अंगठीने लिहिण्याची चाल लग्नांत अजून आहे, मात्र आधार, पासपोर्ट आणि बँकखाते यांच्यातला मेळ बिघडू नये म्हणून अनेक मुली नाव बदलून घेत नाहीत, आणि वराने तांदळावर तेच माहेरचे नाव पुन्हा गिरवावे अशी तडजोड सर्रास होते. गुरुजीही त्याला आता हरकत घेत नाहीत. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत राज्य शासनाने मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम शासकीय कागदपत्रांसाठी ठरवून दिला आहे, त्यामुळे बाईच्या नावाला जागा देण्याचे जे काम गोपाळराव, टिळक आणि कर्वे यांच्या घरांत झाले नाही ते सरकारी दाखल्यांवर होऊ लागले आहे. अर्ज भरताना अजून बरेच पालक सवयीने दुसऱ्या रकान्यात वडिलांचे नाव लिहितात, आणि खिडकीपलीकडचा कारकून तो कागद परत सरकवतो.